राजारामपुरीतला ‘ययाति’चा वाद

कोल्हापूरच्या राजारामपुरीत गल्ल्या ओळखायच्या त्या क्रमांकांनी. पहिली गल्ली, पाचवी गल्ली, आठवी गल्ली, असा पत्ता सांगितला की रिक्षावाला पुढे काही विचारीत नाही. छत्रपती राजाराम महाराजांचे नाव धारण करणारी ही आखीव-रेखीव वस्ती. अंकांनी ओळखल्या जाणाऱ्या या गल्ल्यांमध्ये मराठीतला एक मोठा शब्दप्रभू आयुष्याच्या उत्तरार्धात राहत होता, हे आज इथल्या पुष्कळ तरुणांना ठाऊक नसते. वि. स. खांडेकर राजारामपुरीचे रहिवासी होते, आणि मराठीला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळवून देणारी ‘ययाति’ ही कादंबरी या कोल्हापूरकराच्या लेखणीतून उतरली.

आमचे वाचक मंडळ लहान आहे. रविवारच्या मिस्सेनंतर गप्पांत एकदा पुस्तकांचा विषय निघाला, आणि त्यातून महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमून एकच पुस्तक वाचून बोलावे, असे ठरले. आम्ही नऊ-दहा जण. कोणाचे मूळ गाव गोव्यात, कोणाचे बेळगावकडे, कोणाचे वेंगुर्ल्याच्या बाजूला. पण घरे आता इथलीच, राजारामपुरीत आणि आसपास. चहा आणि भडंग ज्याच्या घरी बैठक त्याच्याकडे. पुस्तके काही जण विकत घेतात, काही जण करवीर नगर वाचन मंदिरातून आणतात. १८५० साली स्थापन झालेल्या त्या ग्रंथालयाचे आमच्यासारख्या मंडळांवर मोठे ऋण आहे, ते या निमित्ताने नमूद करावेसे वाटते. आजवर आमच्यात मतभेद झाले नाहीत असे नाही. पण ‘ययाति’ने जे केले ते कुठल्याच पुस्तकाने केले नव्हते. एका बैठकीत संपायची कादंबरी तीन बैठका चालली. एका बैठकीनंतर दोन सभासद एकमेकांशी न बोलता जिना उतरले. या वादाचा शोध घेताना आमच्या ध्यानात आले की, आम्ही जे भांडलो त्यातले बरेचसे आमच्या आधी, आणि त्यातले काही याच शहरात, भांडून झाले होते. त्या जुन्या-नव्या भांडणांचा हा वृत्तान्त.

प्रथम लेखकाविषयी थोडेसे. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, ११ जानेवारी १८९८ चा. जन्मनाव गणेश आत्माराम. पुढे चुलत्यांकडे दत्तक गेल्यावर गणेश आत्मारामचा विष्णू सखाराम झाला. पुण्यातले महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले आणि १९२० साली ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. गोव्याच्या सीमेजवळच्या त्या खेड्यात त्यांनी अठरा वर्षे काढली. ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ या कादंबऱ्या त्या काळातल्या. मास्टर विनायक यांच्या हंस पिक्चर्ससाठी त्यांनी ‘छाया’ची कथा लिहिली, तो चित्रपट १९३६ चा, आणि १९३८ मध्ये चित्रपटांच्या याच ओढीने ते शिरोडे सोडून कोल्हापुरास आले. १९४१ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ‘क्रौंचवध’ १९४२ चे. त्यानंतर मात्र हा भरभरून लिहिणारा कादंबरीकार बरीच वर्षे कादंबरीच्या वाटेला गेला नाही. ‘अश्रू’ आली ती १९५४ मध्ये. ‘ययाति’ १९५९ ची. १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, आणि १९७४ चे ज्ञानपीठ. २ सप्टेंबर १९७६ रोजी खांडेकर गेले. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली होती; ते सांगत आणि दुसरे कोणी लिहून घेई.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे, तरी ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. महाभारताच्या आदिपर्वात ययाति हा एक राजा. दैत्यांचे गुरू शुक्राचार्य, त्यांची कन्या देवयानी. दैत्यांचा राजा वृषपर्वा, त्याची कन्या शर्मिष्ठा. दोघींचे वस्त्रांवरून भांडण होते, शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते, ययाति तिला हात देऊन वर काढतो. अपमानाचा बदला म्हणून देवयानी शर्मिष्ठेला दासी म्हणून मागते आणि ययातीशी विवाह करून तिला बरोबर नेते. पुढे राजा दासीच्या प्रेमात पडतो. तिला त्याच्यापासून मुले होतात. देवयानीला हे कळते तेव्हा ती पित्याकडे जाते आणि शुक्राचार्य जावयाला तत्काळ वार्धक्याचा शाप देतात. दुसऱ्या कोणी आपले तारुण्य दिले तर ते घेता येईल, एवढाच उःशाप. ययाति मुलांना विचारतो. थोरले नकार देतात, धाकटा पुरू होकार देतो.

खांडेकरांनी ही कथा उचलली, पण तशीच ठेवली नाही. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडून ती सांगतात. ययातीचा थोरला भाऊ यति महाभारतात संन्यासी होऊन कथेबाहेर जातो. कादंबरीत तो देहाचा द्वेष करीत वेडाच्या काठावर पोहोचतो. अलका, मुकुलिका, तारका, माधव, मंदार ही माणसे लेखकाची. सर्वांत मोठा बदल कचाचा. संजीवनी विद्या घेऊन गेलेला बृहस्पतीचा हा मुलगा मूळ कथेत परत येत नाही. खांडेकरांनी त्याला परत आणला, शर्मिष्ठेचा पाठीराखा भाऊ केला आणि संयमाचा आदर्श म्हणून ययातीसमोर उभा केला. आपल्या कादंबरीत वासना, संसार, प्रेम आणि भक्ती असे चार वेगळे धागे आहेत, आणि सुखामागे धावणारा ययाति हा आजचा सामान्य माणूस आहे, असा खुलासा लेखकाने स्वतःच केला आहे.

आमची पहिली ठिणगी पडली ती याच ठिकाणी. आमच्यात एक निवृत्त मराठी शिक्षक आहेत. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. सरांचे म्हणणे असे की, व्यासांच्या कथेत फेरफार करण्याचा अधिकार खांडेकरांना कोणी दिला? ज्याला स्वतःचे म्हणायचे आहे त्याने स्वतःची पात्रे निर्माण करावीत; जुन्या नावांच्या पुण्याईवर नवे विचार खपवू नयेत. यावर आमच्यातल्या एका मावशींनी फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव काढले. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापले गेले. बायबलमधली कथा मराठी ओवीत, पुराणाच्या घाटात, गोव्याच्या नवख्रिस्ती माणसांसाठी. ते चालते, मग हे का चालू नये? सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मावशी, फादरांनी वेश बदलला, माणूस बदलला नाही. खांडेकरांनी माणूसच बदलला.”

उत्तर चपखल होते, आणि त्या दिवशी आम्हा कोणालाच त्याच्यापुढे जाता आले नाही. नंतर आदिपर्व काढून बसलो तेव्हा एक गोष्ट दिसली, ती सांगितलीच पाहिजे. ही कथा वैशंपायन सांगतात ती जनमेजय राजाला, त्याने विचारले म्हणून. जनमेजय कोणाचा वंशज? पुरूचा. म्हणजे आज्ञाधारक धाकट्या मुलाच्या वंशजाच्या दरबारात ही कथा सांगितली जात आहे. तिथे पुरूची स्तुती होणार आणि नकार देणारे थोरले शापित ठरणार, यात नवल ते काय? शापित यदूच्या वंशात पुढे श्रीकृष्ण जन्मले, ही महाभारताचीच नोंद. ज्याला आपण मूळ कथा म्हणतो तीही कोणाच्या तरी घरात, कोणाच्या तरी समोर बसून सांगितलेली असते. सरांना हे दाखविले. ते म्हणाले, “मुद्दा घेतला. पण व्यासांनी कचाला प्रवचनकार केले नव्हते.”

इथून दुसरा वाद सुरू झाला, आणि हा मात्र अस्सल कोल्हापुरी. आमच्यातल्या तरुण मंडळींना कचाची भाषणे वाचवेनात. एकाने सरळ कबूल केले की कच आला की तो पाने उलटीत असे. उपमा-उत्प्रेक्षांनी प्रत्येक वाक्य इतके लगडलेले की माणसे बोलत नाहीत, सुभाषिते सांगतात, अशी त्याची तक्रार. उलट आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी तरुणपणी याच वाक्यांच्या वह्या भरलेल्या. एका काकांना त्यातली काही अजून पाठ आहेत, आणि ती त्यांनी म्हणून दाखविली. कोणी न विचारता.

‘कोसला’ १९६३ मध्ये आली आणि मराठी कादंबरीच्या भाषेची चव बदलली, हे खरे. पण खांडेकरांवरचा हा आक्षेप ‘कोसला’पेक्षा जुना आहे, आणि त्याचा एक ध्रुव याच शहरात राहत होता. प्रा. ना. सी. फडके १९२६ ते १९४९ राजाराम महाविद्यालयात अध्यापक होते. ‘प्रतिभासाधन’ हे त्यांचे लेखनतंत्रावरचे पुस्तक १९३१ चे. कलेचे काम आनंद देणे, सौंदर्य निर्माण करणे. बोध हा तिचा हेतू नव्हे, ही त्यांची भूमिका. कला जीवनासाठी असावी, ही खांडेकरांची. खांडेकर कोल्हापुरास आल्यापासून फडके निवृत्त होईपर्यंत ही दोन मते एकाच गावात नांदत होती. १९४० च्या रत्नागिरी संमेलनाचे अध्यक्ष फडके, पुढच्याच वर्षी सोलापूरचे खांडेकर. महाराष्ट्राने जणू दोघांना पाठोपाठ व्यासपीठ देऊन वाद आपल्यापुरता बरोबरीत सोडविला. मराठी शिकणाऱ्या पिढ्यान्पिढ्यांनी परीक्षेत ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या प्रश्नाचे उत्तर लिहिले, आणि बहुतेकांनी शेवटी ‘दोन्हींचा समन्वय हवा’ असे लिहून गुण मिळविले.

आमच्या मते या वादाची धार जेवढी सांगितली जाते तेवढी नव्हती. दोघांचे नायक-नायिका सुशिक्षित, पांढरपेशे, प्रेमात पडणारे. दोघांची भाषा नटलेली. आणि दोघांची पुस्तके एकाच घरात, बहुधा एकाच फळीवर असत. फरक होता तो कादंबरी मिटल्यावर वाचकाच्या मनात काय उरावे, या अपेक्षेत. खांडेकरांना काहीतरी टोचत राहिलेले हवे होते. ‘ययाति’त त्यांनी ती टोचणी कचाच्या तोंडी दिली, आणि आमच्या मते तिथेच ती बोथट झाली. ज्याने मोहाला कधी जवळ येऊ दिले नाही असा माणूस मोहात बुडालेल्याला समजावतो, तेव्हा ऐकणारा मान डोलावतो आणि उठून जातो. संत ऑगस्टीन यांच्या ‘कबुलीजबाबा’त जी शक्ती आहे ती कबुली देणारा स्वतःच चिखलात उभा होता म्हणून आहे. खांडेकरांच्या कादंबरीत तशी शक्ती असेल तर ती ययातीच्या निवेदनात. स्वतःला फसवीत जाणाऱ्या माणसाचा आवाज तिथे नेमका सापडला आहे. कचाच्या बाजूने बोलणाऱ्या काकांना हे पटलेले नाही. त्यांच्या मते आजच्या वाचकाला कोणी दोन शब्द सांगितलेले सोसतच नाहीत, आणि दोष कचाचा नसून आपल्या कानांचा आहे. हे त्यांचे मत इथे प्रामाणिकपणे नोंदवीत आहोत.

तिसरा वाद आमच्यातल्या स्त्रियांनी उभा केला, आणि पुरुषांना त्याची पूर्वकल्पना नव्हती. देवयानी ही अहंकारी, शीघ्रकोपी, पतीला न समजून घेणारी. शर्मिष्ठा ही सोशिक, प्रेमळ. वाचून झाल्यावर आम्ही पुरुष सगळे शर्मिष्ठेच्या बाजूचे होतो. तेव्हा मंडळातल्या एका भगिनीने विचारले, “तिने नेमके काय चुकविले, ते सांगा ना.” ज्याच्यासाठी तिने पित्याची मनधरणी करून तीन वेळा प्राण परत मिळविले, तो कच विद्या घेऊन निघून गेला. ज्याच्याशी विवाह केला त्याने तिच्याच दासीशी गुपचूप संसार थाटला. मुले झाली तरी तिला कोणी सांगितले नाही. हे सगळे कळल्यावर ती रागावली, तर ती रागीट. “आपल्या शेजारच्या गल्लीत हे घडले असते तर आपण कोणाच्या बाजूने उभे राहिलो असतो?” या प्रश्नावर बराच वेळ कोणी बोलले नाही. याच बैठकीनंतर ते दोन सभासद न बोलता जिना उतरले होते.

देवयानीच्या बाजूने बोलायचे तर हेही सांगितले पाहिजे की खांडेकरांनी तिला तिचा स्वतःचा आवाज दिला. ती स्वतः बोलते, आणि कादंबरीतला सर्वांत मोठा वाटा ययातीचा असला तरी तिचे दुःख वाचकाला तिच्याच तोंडून कळते. हे नवे होते. या कथेचा मागोवा घेतला तर दर पिढीने प्रकाशझोत वेगळ्या व्यक्तीवर टाकलेला दिसतो. १८५९ मध्ये बंगालीत मायकेल मधुसूदन दत्त यांनी ‘शर्मिष्ठा’ नाटक लिहिले. मधुसूदन हे १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले; ख्रिस्ती झाल्यावरही महाभारताची कथा त्यांना परकी वाटली नाही, आणि आधुनिक बंगाली रंगभूमीचा पाया घालणाऱ्या नाटकांत त्या ‘शर्मिष्ठे’ची गणना होते. बरोबर शंभर वर्षांनी ‘ययाति’ आली, हा निव्वळ योगायोग. पण आम्हाला तो आवडला. मराठीत १९१३ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘विद्याहरण’ रंगभूमीवर आले. त्यात शुक्राचार्यांचे मद्यपान आणि कचाची विद्या हा विषय, आणि देवयानीच्या भूमिकेत बालगंधर्व. पुढे १९६६ मध्ये वि. वा. शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ आले, पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीतासह; त्यातली पदे आमच्यातल्या काहींच्या घरी अजून ऐकली जातात. शिरवाडकरांनी तिचे नाव शीर्षकात घेतले, ही गोष्ट देवयानीच्या कैवाऱ्यांनी आनंदाने नोंदविली.

तिसऱ्या बैठकीत, सर्व बाजू बोलून झाल्या असे वाटत असताना, आमच्यातले एक अबोल सभासद बोलले. ते पन्नाशी ओलांडलेले. उद्यमनगरच्या एका फाउंड्रीत ते सोळाव्या वर्षी कामाला लागले, कारण वडिलांचे काम सुटले होते आणि धाकटी तीन भावंडे शाळेत होती. भावंडे शिकली, एक बहीण आज परिचारिका आहे, एक भाऊ आखातात. हे आम्हा सर्वांना माहीत होते, पण ते कधी त्याविषयी बोलत नसत. ते म्हणाले, “तुम्ही सगळे ययाति, देवयानी, शर्मिष्ठा, कच यांच्यावर भांडता. तिघेजण गोष्ट सांगतात. पुरूला का नाही सांगू दिली?”

आम्ही सर्वांनी पुस्तके पुन्हा उघडली. खरेच, पुरूचे निवेदन नाही. ज्याचे तारुण्य जाते तो कादंबरीत आहे, बोलतो, वागतो. पण आतून तो कसा आहे हे त्याच्या तोंडून आपल्याला कधीच कळत नाही. आणि एकदा तिथून पाहू लागलो तसे सारे पुस्तक वेगळे दिसू लागले. कादंबरीभर नहुषाचा शाप घुमत राहतो: राजाने ऋषींचा अपमान केला, फळ मुलांच्या वाट्याला. वृषपर्व्याला गुरू आणि राज्य दोन्ही राखायचे होते, किंमत शर्मिष्ठेच्या दास्याने दिली गेली. शुक्राचार्यांनी मुलीचा प्रत्येक हट्ट पुरविला आणि शापही तिच्याच रागाने दिला. संसार तिचा मोडला. ययातीला तारुण्य हवे होते, ते पुरूने दिले. एका कथेत चार पिते, आणि चौघांच्याही हिशेबाचे पैसे मुलांनी चुकते केलेले. आम्ही दोन बैठका वासना आणि संयम यांवर बोललो. कदाचित लेखकालाही तेच अभिप्रेत होते. पण कादंबरी लेखकाच्या हेतूपेक्षा अधिक काही जाणते, असे आम्हाला त्या संध्याकाळी वाटले.

पुरूचा प्रश्न विचारणारे आमचे मित्र पहिले नव्हेत, हे नंतर कळले. ‘ययाति’ कादंबरीनंतर दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, गिरीश कार्नाड यांचे याच नावाचे पहिले कन्नड नाटक प्रसिद्ध झाले. धारवाडला वाढलेला हा विशीतला तरुण शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला निघाला होता, आणि त्याने परत यावे की नाही यावरून घरात ताण होता. आपल्याही नकळत तो सारा ताण या जुन्या कथेत उतरला, असे कार्नाड यांनी पुढे सांगितले आहे. त्यांनी पुरूला चित्रलेखा नावाची पत्नी दिली. एका रात्रीत म्हातारा झालेला नवरा पाहून ती सासऱ्यालाच जाब विचारते, आणि अखेर आत्मघात करते. मुलाने त्याग केला म्हणजे त्याच्यासाठी आणखी कोणी तरी काही तरी गमावलेच, हे त्या नाटकाने दाखविले. खांडेकर तेव्हा साठी ओलांडलेले, कार्नाड विशीतले. एकाच कथेकडे एक पित्याच्या वयातून पाहत होता, दुसरा पुत्राच्या.

त्या चर्चेत उधळ्या पुत्राचा दाखला निघणे अपरिहार्यच होते. एका सभासदाने दोन कथा समोरासमोर ठेवल्या: तिथे पिता देतो आणि पुत्र उधळतो, इथे पुत्र देतो आणि पिता उधळतो. मांडणी सुरेख होती आणि सर्वांना आवडली. पण फाउंड्रीतले आमचे मित्र हसले. म्हणाले, “मला त्या दाखल्यात नेहमी थोरला भाऊच दिसतो. तो शेवटी आत गेला की नाही, ते शुभवर्तमानात लिहिलेले नाही.”

मग एका ताईंनी, जराशा भीतभीतच, त्यांना विचारले की, तुम्हाला कधी राग आला का? त्यांचे उत्तर आम्ही जसे आठवते तसे देत आहोत. “बाबांनी मागितले नव्हते. मागितले असते तर कदाचित मी दिले नसते. ते गप्प बसून होते, आणि मी पाहत होतो. म्हणून मला पुरूची दया आलेली आवडत नाही. पण त्याला एकदा बोलू द्यायला हवे होते, एवढेच.” सर, ज्यांनी सर्व बैठकांत खांडेकरांवर आरोप केले होते, त्यांनीच मग खांडेकरांची बाजू घेतली. पुरूने होकार दिला तो प्रेमाने दिला की कर्तव्याने, हे लेखकाने न सांगता सोडले. तो प्रश्न वाचकाकडे राहावा म्हणूनच त्याला बोलू दिले नसेल, असे सर म्हणाले. आमच्यातल्या काहींना हे पटले, काहींना ही निव्वळ सबब वाटली. ज्यांना सबब वाटली त्यांत स्वतः आमचे मित्र होते.

आता या मतभेदाचा निकाल लावायचा झाला तर तो आम्हाला लावता येणार नाही. पण एक मत बहुसंख्येने नोंदले गेले: ‘ययाति’ ही कादंबरी संयमाचे पुस्तक म्हणून वाचली तर ती जुनी झाली आहे, आणि घराचे पुस्तक म्हणून वाचली तर नाही. का. श्री. श्रीनिवासाचार्य यांनी खांडेकर तमिळमध्ये नेले आणि तिथे त्यांना उदंड वाचक मिळाले. हिंदीत ‘ययाति’ आजही वाचली जाते. तिथल्या वाचकांना कचाच्या भाषणांनी धरून ठेवले असेल, असे आम्हाला वाटत नाही. काकांचा याला विरोध आहे, आणि त्यांनी तो लेखी दिला आहे.

वाचन मंदिरातून आणलेली प्रत आमच्या अबोल मित्रांनी मागून घेतली आहे. त्यांचे वडील आज शहाऐंशी वर्षांचे. डोळ्यांना दिसत नाही, ऐकू मात्र चांगले येते. कामावरून आल्यावर मुलगा त्यांना रोज आठ-दहा पाने वाचून दाखवितो. शर्मिष्ठा दासी होते तिथपर्यंत ते आले होते तेव्हा म्हाताऱ्याने हात वर करून वाचन थांबविले आणि त्या दिवशी पुढे वाचू दिले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःहून विचारले, “पुढे काय झाले?” पुस्तक परत करायची तारीख उलटून गेली आहे. दंड मंडळाच्या खर्चातून भरायचे ठरले.